तारेच्या बाहेर काय असते?



संपादकांचा निरोप आला, "काहीतरी इतिहासाचं लिहा, पण सिंगापूरशी नातं असलेलं, आणि मुलांनाही वाचता येईल असं." दुसरी अट पुरी होईल की नाही ते वाचकांनी ठरवावे. विषय मात्र मुलांनीच दिलेला आहे, आणि त्यात माझी एक जुनी थकबाकीही आहे. तीच आधी सांगतो.

१९९८ साली आमची लेक ज्युनिअर कॉलेजात होती. एका संध्याकाळी जेवायला बसलो असताना तिने विचारले, "बाबा, हे इलेक्ट्रिक फील्ड, मॅग्नेटिक फील्ड खरंच असतं का? की गणित सुटावं म्हणून मानायचं?" माझी आई तेव्हा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिने विचारले, "फील्ड म्हणजे काय गं?" लेक म्हणाली, "क्षेत्र, आजी." आई लगेच म्हणाली, "क्षेत्र म्हणजे आळंदी, पंढरपूर. ती खरीच आहेत!" सगळे हसलो. मी लेकीला म्हणालो, "परीक्षेत काय विचारतात तेवढं बघ. बाकीचं तत्त्वज्ञान नंतर."

ती गप्प बसली. पुढे ती शिकली, चांगली कमवती झाली, पण भौतिकशास्त्रातला प्रश्न घेऊन माझ्याकडे पुन्हा कधी आली नाही. मी जन्मभर गोदीत विजेच्या केबली ओढल्या, तपासल्या, आणि केबलीच्या मुळाशी असलेला प्रश्न मुलीने विचारल्यावर तिला परीक्षेची भीती घातली. आता तिची मुलगी सेकंडरी फोरमध्ये आहे. गेल्या महिन्यात तिने वहीत लोखंडाच्या किसाचे चित्र काढता काढता तोच प्रश्न विचारला. या खेपेला मी म्हणालो, "मला आठ दिवस दे." त्या आठ दिवसांत जे वाचले आणि जुने आठवले, ते हे.

लांबून हात लावता येतो का?

चुंबकाजवळ टाचणी नेली की ती उडी मारून चिकटते. मध्ये दोरी नाही, हात नाही. मग ओढले कोणी? न्यूटनलाही गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत हाच प्रश्न पडला होता. मध्ये काहीच नसताना एक वस्तू दुसरीला लांबून ओढते ही कल्पना त्याने १६९३ च्या एका पत्रात चक्क निरर्थक ठरवली. पण त्याची सूत्रे इतकी बरोबर निघाली की त्याच्यानंतरच्या गणितींनी ही अडचण गुंडाळून ठेवली. कूलोंबने १७८५ मध्ये विजेचा नियम मांडला, अँपिअरने १८२० नंतर विद्युतप्रवाहांचा मांडला. दोन्हींची धाटणी न्यूटनचीच होती. हा इथे, तो तिथे, मध्ये इतके अंतर, म्हणून बळ इतके. मधल्या जागेचे काम फक्त अंतर मोजण्यापुरते.

याला आपण दूरक्रिया म्हणू. तिच्या विरोधात उभा राहिला तो मायकेल फॅरेडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणित फारसे न येणारा. त्याने चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा किस पसरला आणि त्या वक्र रेषांकडे पाहून ठरवले की खरी गोष्ट चुंबकात जेवढी आहे तेवढीच त्याच्या भोवतालच्या जागेत आहे. ती जागा ताणलेली असते, आणि हा ताण एका बिंदूकडून शेजारच्या बिंदूकडे सरकत जातो. पुढे या भोवतालच्या स्थितीला 'क्षेत्र' हे नाव पडले. त्या काळच्या बहुतेक गणितींना हे एका हुशार प्रयोगकर्त्याचे चित्र वाटले. समजायला सोपे, पण खरे मानायची गरज नाही असे.

त्यांचे मत बदलायला जे कारण झाले, त्याची सुरुवात आपल्या या बेटावर झाली.

गट्टापर्चा

ज्यांनी दाताचे रूट कॅनाल करून घेतले आहे त्यांच्या दातात बहुधा गट्टापर्चा आहे. मलायी भाषेत 'गेताह' म्हणजे झाडाचा चीक. या झाडाचा चीक गरम पाण्यात मऊ होतो, हवा तो आकार घेतो, आणि गार झाला की घट्ट बसतो. रबरासारखा तो ताणला जात नाही, पण समुद्राच्या पाण्यात कुजतही नाही. इथले मलायी लोक त्याच्या पारांगच्या (म्हणजे कोयत्याच्या) मुठी करीत. विल्यम माँटगोमरी नावाचे एक सरकारी डॉक्टर सिंगापुरात होते. त्यांनी ती मूठ पाहिली, चौकशी केली, आणि १८४३ मध्ये त्या चिकाचे नमुने लंडनला पाठवले. इथलेच पोर्तुगीज व्यापारी डॉ. जोझे दालमेडा यांनीही त्याच सुमारास नमुने तिकडे पोचवले.

डॉक्टरांच्या मनात होती शस्त्रक्रियेची अवजारे. पण काही वर्षांतच कळले की हा चीक वीज अडवण्यात पटाईत आहे. जर्मनीत वेर्नर सीमेन्सने १८४७ च्या सुमारास तारेवर त्याचे वेष्टन चढवले, आणि फॅरेडेने १८४८ मध्ये त्याच्या या गुणावर टिपण लिहिले. १८५१ मध्ये गट्टापर्च्याने मढवलेली तार इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात टाकली गेली आणि चालली. मग मागणीला अंत राहिला नाही. सिंगापूर या मालाची जगातली मुख्य पेठ झाले. तेलोक ब्लांगाचे तेमेंगोंग इब्राहिम यांनी या व्यापारावर पकड बसवली आणि त्यातून त्यांच्या घराण्याला ऐश्वर्य आले. झाडाला चीर देऊन भागत नसे. सबंध झाड पाडून त्याचा चीक काढीत, आणि एका झाडातून मिळे तो थोडाच. या बेटावरची झाडे बघता बघता संपली, मग जोहोर, सुमात्रा, बोर्निओची पाळी आली. इतिहास लिहिताना हा हिशेबही लिहायला हवा. समुद्राखालच्या प्रत्येक मैलामागे इथल्या जंगलातली झाडे पडली आहेत.

तार मंद का झाली?

आता मुख्य गोष्ट. खांबांवरून हवेत नेलेल्या तारेत संदेश झटकन जाई. पण गट्टापर्च्याने मढवून पाण्यात ठेवलेल्या लांब तारेत तो रेंगाळू लागला. एका टोकाला कळ दाबून सोडली तर दुसऱ्या टोकाला वीज हळूहळू चढे आणि हळूहळू उतरे. एक ठिपका संपायच्या आत दुसरा येऊन त्यात मिसळे. तांबे तेच, बॅटरी तीच, मग फरक कशाने पडला?

लंडनमधले तारखात्याचे अभियंते फॅरेडेकडे गेले. गट्टापर्चा कंपनीच्या कारखान्यात शंभर मैल तार पाण्यात बुडवून त्याला प्रयोग दाखवण्यात आले. जानेवारी १८५४ मध्ये त्याने व्याख्यान देऊन कारण सांगितले. फरक तारेत नाही, तारेच्या बाहेर आहे. आत तांबे, बाहेर पाणी, मध्ये गट्टापर्चा, असे हे एक मैलोगणती लांब लायडनचे भांडे आहे. वीज पुढे जाण्याआधी वाटेतल्या सगळ्या गट्टापर्च्यात ताण भरावा लागतो, आणि त्यात वेळ जातो. जी मधली जागा गणितींच्या हिशेबात नुसते अंतर होती, तीच इथे संदेश अडवून बसली होती, आणि त्यामुळे कंपन्यांचे पैसे बुडत होते.

विल्यम थॉमसन (नंतरचा लॉर्ड केल्व्हिन) याने १८५४-५५ मध्ये याचे गणित मांडले. तार दुप्पट लांब केली तर दिरंगाई दुप्पट नव्हे, चौपट होते. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सोळा तास लागले. कंपनीचा विद्युतप्रमुख व्हाइटहाउस याचा थॉमसनच्या गणितावर विश्वास नव्हता. त्याने जोर लावून वीज ढकलली, सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत. मुळात सदोष असलेली ती केबल तीन आठवड्यांत मेली. १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टाकलेली तार टिकली, तेव्हा तिच्या बांधणीत आणि तिच्यावरच्या उपकरणांत थॉमसनचे गणित होते.

ब्रूस हंट या अमेरिकन इतिहासकाराने हा धागा नीट उलगडून दाखवला आहे. जर्मन विद्वान दूरक्रियेवर समाधानी राहिले आणि ब्रिटनमध्ये क्षेत्राची कल्पना रुजली, याचे एक कारण असे की समुद्री तारांचा धंदा ब्रिटनच्या हातात होता. ज्याला रोज गट्टापर्च्याशी झगडावे लागते त्याला मधली जागा विसरता येत नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जर्मनीत किर्खोफने १८५७ मध्ये, वेबरच्या दूरक्रियेच्या नियमावरून, क्षेत्राचे नाव न घेता दाखवले की आदर्श तारेत विजेची लहर प्रकाशाच्या वेगाइतक्या वेगाने जाईल. म्हणजे क्षेत्र मानल्याशिवाय हिशेब सुटतच नाही असे नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

मॅक्सवेलचा प्रश्न आणि आईचा 'हो'

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने फॅरेडेचे चित्र गणितात आणले. १८६१-६२ च्या लेखात त्याने क्षेत्र समजावण्यासाठी भोवऱ्यांचे आणि त्यांच्यामधल्या गोल्यांचे एक यंत्रच कल्पिले, पण ते अक्षरशः खरे असल्याचा दावा केला नाही. १८६५ च्या लेखात ते यंत्र बाजूला ठेवून समीकरणे मांडली. त्यांतून निघाले की विद्युतचुंबकीय लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, म्हणजे प्रकाश हीच अशी एक लहर आहे.

१८७३ च्या ग्रंथाच्या शेवटी त्याने दूरक्रियावाल्यांना एक साधा प्रश्न विचारला. एका वस्तूतून निघालेली ऊर्जा दुसरीत काही वेळाने पोचते. पहिलीतून निघाल्यावर आणि दुसरीत पोचण्यापूर्वी ती असते कुठे?

हा प्रश्न पुस्तकात वाचण्याआधीच मला भेटला होता. १९९१ मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा महिन्यातून एकदा घरी फोन करायचो, घड्याळ समोर ठेवून. उपग्रहावरून जोडलेला कॉल लगेच ओळखू येई. "आई, बरी आहेस ना?" म्हटले की क्षणभर शांतता, मग "हो." ती शांतता पाहून मी पुन्हा "हॅलो?" म्हणायचो आणि तिचा 'हो' आणि माझा 'हॅलो' एकमेकांवर आदळायचे. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायचे म्हणजे ७२,००० किलोमीटरच्या पुढे. सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने त्याला पाव सेकंद लागतो, जाऊन येऊन अर्धा सेकंद. त्यातल्या पाव सेकंदात आईचा 'हो' साताऱ्याच्या फोनमधून निघालेला असे आणि इथे आलेला नसे. मग तो होता कुठे? कुठेच नव्हता असे म्हणायला जीभ वळत नाही. मॅक्सवेलचे उत्तर असे की मधल्या जागेत, क्षेत्रात होता.

१८८४ मध्ये पॉइंटिंगने याहून चमत्कारिक गोष्ट दाखवली. मॅक्सवेलच्या समीकरणांप्रमाणे हिशेब केला तर ऊर्जा तांब्याच्या आतून जात नाही, ती तारेच्या बाहेरून, भोवतालच्या क्षेत्रातून जाते आणि तार तिला फक्त वाट दाखवते. म्हणजे समुद्राखालच्या केबलीत संदेशाची ऊर्जा तांब्यातून नव्हे, सिंगापूरच्या चिकातून गेली! चाळीस वर्षे केबलीच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला हे वाचून खुर्चीवर सावरून बसावे लागते.

१८८७-८८ मध्ये हर्ट्झने कार्ल्सरूह येथे या लहरी प्रयोगशाळेत पकडल्या आणि वाद मिटल्यासारखा झाला. मात्र गंमत पाहा. मॅक्सवेलचा सिद्धांत नेमका आहे तरी काय, या प्रश्नावर हर्ट्झचेच उत्तर असे होते की मॅक्सवेलची समीकरणे म्हणजेच त्याचा सिद्धांत. ज्याने क्षेत्राच्या लहरी पकडल्या, तोही क्षेत्र 'आतून' कसे आहे ते सांगायला तयार नव्हता. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथरची गरजच काढून टाकली, तेव्हा लहर राहिली, पण ती कशाची हे सांगायला हातात काही उरले नाही.

इकडे आपल्या मुलुखाचेही जाळे विणले जात होते. फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न'ने मुंबईहून एडनकडे तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे लंडनला जोडली गेली. पाठोपाठ १८७०-७१ मध्ये मद्रास-पिनांग-सिंगापूर तार आली. म्हणजे मुंबई आणि सिंगापूर ही दोन शहरे तारेने जोडली गेली त्याला दीडशे वर्षे होऊन गेली, आणि ती तार इकडच्याच झाडांच्या चिकात गुंडाळलेली होती.

कोल्हापूरचा मुलगा आणि आगाऊ लहरी

आता या गोष्टीतले आपले माणूस. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने स्पर्धेला पाठवली होती हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्या विज्ञानकथा आपल्या मुलांनी वाचल्या, आयुका ही त्यांनी उभी केलेली संस्था अनेकांनी पाहिली. पण क्षेत्र खरे की नाही या प्रश्नावर त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे घालवली, हे मला या आठ दिवसांतच नीट कळले.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्षेत्र खरे मानले की एक खोड निघते. इलेक्ट्रॉन आपल्याच क्षेत्रात बसलेला असतो, आणि तो बिंदूएवढा मानला तर त्याची स्वतःवरची क्रिया अनंत येते. १९४० च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये तरुण रिचर्ड फाइनमनला वाटले की क्षेत्रच नको. इलेक्ट्रॉन फक्त दुसऱ्या इलेक्ट्रॉनवर क्रिया करील, थेट, मात्र प्रकाशाच्या वेगाचा उशीर ठेवून. स्वतःवर क्रिया नाही, म्हणून अनंताचा प्रश्नच नाही. त्याचे गुरू जॉन व्हीलर यांच्याबरोबर त्याने १९४५ मध्ये हा सिद्धांत प्रसिद्ध केला.

यात एक विचित्र गोष्ट आहे. मॅक्सवेलच्या समीकरणांना दोन प्रकारची उत्तरे असतात. एकात लहर कारणानंतर पोचते, तिला उशिराची लहर म्हणू. दुसरीत ती कारणाच्या आधीच पोचते. तिला आगाऊ लहर म्हणतात, आणि नाव शोभते! आपण एरवी ही दुसरी लहर आगाऊपणा म्हणून वर्गाबाहेर घालवतो. व्हीलर-फाइनमननी तिला आत घेतले. प्रत्येक कण निम्मी उशिराची आणि निम्मी आगाऊ क्रिया करतो, आणि ती ज्या ज्या कणांवर होते ते सगळे तसेच उत्तर देतात.

रजिस्टर पत्राची पोच डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच की ही पोच काळात उलटी येते आणि पत्र टाकण्याच्या क्षणीच हातात पडते. पाठवणाऱ्याची निम्मी आणि पोचेची निम्मी मिळून पुरी उशिराची लहर होते, आणि नको असलेली आगाऊ लहर एकमेकींना मारून टाकते. शेवटी आपल्याला दिसते ते मॅक्सवेलसारखेच. पण अट अशी, की निघालेले प्रत्येक पत्र कुठेतरी, कधीतरी घेणारा पाहिजे. टेट्रोडने १९२२ मध्येच म्हटले होते की विश्वात सूर्य अगदी एकटा असता, तर तो प्रकाश देऊच शकला नसता.

मग पुढचा प्रश्न आलाच. आपल्या विश्वात सगळा प्रकाश शोषला जातो का? विश्व तर प्रसरण पावते आहे. जे. ई. होगार्थ यांनी १९६२ मध्ये हा प्रश्न मांडला. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली काम करणाऱ्या नारळीकरांनी आपल्या गुरूंबरोबर तो पुढे नेला. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेला, बनारसमध्ये वाढलेला, रँग्लर झालेला हा मुलगा तेव्हा पंचविशीत होता. उत्तर असे निघाले. सतत प्रसरण पावणाऱ्या महास्फोटाच्या विश्वात भविष्यकाळ पुरेसा शोषक नाही, उलट भूतकाळ आहे. म्हणून तिथे हा सिद्धांत चुकीची, म्हणजे आगाऊ लहर देतो. स्थिर अवस्थेच्या विश्वात, म्हणजे जिथे नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि घनता कायम राहते तिथे, तो बरोबर, उशिराची लहर देतो.

म्हणजे क्षेत्र खरे की नाही हा प्रश्न आता नुसत्या तत्त्वज्ञानाचा राहिला नाही. क्षेत्र नको असेल तर विश्व विशिष्ट प्रकारचेच असले पाहिजे, आणि विश्व कसे आहे ते आकाशाकडे पाहून तपासता येते. माझ्या मते नारळीकरांच्या या कामाची खरी किंमत इथे आहे.

आकाशाने मात्र साथ दिली नाही. १९६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना विश्वाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. फाइनमननेही तोवर आपली कल्पना सोडली होती. १९४७ मध्ये हायड्रोजनच्या अणूत सापडलेला लॅम्ब यांचा सूक्ष्म फरक समजायला इलेक्ट्रॉनची स्वतःवरची क्रिया लागते असे दिसले, आणि १९६५ च्या नोबेल व्याख्यानात त्याने हा सगळा प्रवास मोकळेपणाने सांगितला. नारळीकर आणि हॉईल यांनी पाठ फिरवली नाही. १९६९ आणि १९७१ च्या लेखांत त्यांनी दाखवले की विश्वाचे उत्तर हिशेबात धरले तर पुंजभौतिकीतले असे परिणामही स्वतंत्र क्षेत्राशिवाय मांडता येतात. १९९३ मध्ये बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर अवस्थेच्या सिद्धांताचे सुधारलेले रूप मांडले. ते बहुतेकांनी स्वीकारले नाही, आणि आज बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञ क्षेत्रालाच मूळ मानतात. इलेक्ट्रॉनही त्यांच्या लेखी एका क्षेत्राचीच लहर.

आणि आता योगायोग. हॉईल आणि नारळीकर यांनी या विषयावरची आपली व्याख्याने १९९६ मध्ये पुस्तकरूपाने काढली. प्रकाशक कोण? वर्ल्ड सायंटिफिक, सिंगापूर! क्षेत्राची कल्पना ज्या चिकामुळे रुजली तो इथून गेला, आणि क्षेत्राशिवाय भागते असे सांगणारे पुस्तकही इथूनच निघाले. माझ्या लेकीने प्रश्न विचारला त्याच्या दोन वर्षे आधी.

नातीला काय सांगितले

आठ दिवसांनी नातीला जे सांगितले ते थोडक्यात असे.

किसाच्या रेषा खऱ्या नाहीत. त्या नकाशावरच्या अक्षांशांसारख्या, आपण मोजायला काढलेल्या. वहीतली रेष समुद्रात सापडत नाही, म्हणून समुद्र खोटा ठरत नाही. क्षेत्राला मात्र ऊर्जा आहे आणि धक्काही आहे. सूर्यप्रकाश अंगावर पडतो तेव्हा तो अगदी किंचित ढकलतो. लेबेडेव्हने तो दाब मोजला, आणि २०१० मध्ये जपानने सोडलेले 'इकारोस' हे यान पातळ शीड उभारून त्या दाबाने ढकलले गेले. जे उशीर लावते, ऊर्जा वाहते आणि धक्का देते, त्याला खरे म्हणायला मला संकोच वाटत नाही. वारा दिसत नाही म्हणून आपण त्याला गणिताची सोय म्हणत नाही.

पण क्षेत्र न मानताही हिशेब मांडता येतो, हेही तिला सांगितले. किर्खोफने तो एका तारेपुरता मांडला, व्हीलर-फाइनमन आणि नारळीकर-हॉईल यांनी सबंध विश्वापुरता. त्याची किंमत मोठी आहे. खोलीतला दिवा लावायचा तर भविष्यातल्या सगळ्या विश्वाची संमती लागते. मधली रिकामी जागा रिकामी नाही हे मानायचे, की कुठलाही कण कधी एकटा नसतो हे मानायचे, यातून काहीतरी एक पत्करावे लागते. फुकट काही मिळत नाही.

तिने सरळ विचारले, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटले, मला क्षेत्र खरे वाटते. आईचा 'हो' पाव सेकंद कुठेच नव्हता हे मला मान्य होत नाही. आई आता नाही, पण त्या पाव सेकंदात तिचा आवाज कुठेतरी होता. पण नारळीकरांसारखा माणूस ज्या बाजूने इतकी वर्षे उभा राहिला, ती बाजू मूर्खपणाची म्हणून सोडून देणार नाही.

ती म्हणाली, "मग हे आईला तेव्हा का नाही सांगितलंत?"

याला उत्तर नव्हते. संध्याकाळी लेकीला फोन करून म्हटले, "१९९८ च्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे, वेळ आहे का?" क्षणभर शांतता. या वेळी ती उपग्रहाची नव्हती. मग ती म्हणाली, "सांगा बाबा." तासभर बोललो.

मंडळींना एवढेच सांगणे की मुलांनी असा प्रश्न विचारला तर "परीक्षेत काय येतं ते बघ" म्हणू नका. येत नसेल तर आठ दिवस मागून घ्या. आणि एखाद्या रविवारी बोटॅनिक गार्डनमध्ये गेलात तर गट्टापर्च्याचे झाड जरूर पाहा. पान वरून हिरवे आणि उलटे केले की खालून तांबूस-सोनेरी असते. ते मुलांना दाखवा आणि सांगा, याच्या चिकातून एके काळी मुंबईचे निरोप सिंगापूरला येत.

चू. भू. द्या. घ्या.

— एक सभासद